चूलबंद चित्रप्रदर्शन

माझ्या पहिल्या चित्रप्रदर्शनाला अख्खी गल्ली आपापला तांब्या घेऊन आली होती.

पुढे मुंबईत माझी आणखी तीन प्रदर्शनं झाली. त्यांना कुणी तांब्या आणला नाही. (तिसऱ्याला तर कुणी आलंच नाही, पण तो विषय वेगळा.) तेव्हा जी काही गर्दी माझ्या कलेने खेचली ती त्या एका रविवारी, शहादे तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावात, आमच्याच ओट्यावर. आणि ती का खेचली हे मला समजलं तेव्हा पळून जायला वाट उरली नव्हती.

साठ सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि मी मुंबईला आर्ट स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. केळी-कापूस करणाऱ्या घरातला थोरला मुलगा चित्रं शिकायला गेला, याचं आबांना इतकं दुःख होतं की गावात कुणी विचारलं तर ते सांगत, "मुंबईले शे. काहीतरी करस." वडिलांनी मुलाच्या कलेचं केलेलं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात एक परदेशी मासिक आणलं होतं. अमेरिकेत म्हणे चित्रकारांनी देव, राजे, डोंगर, सूर्यास्त सगळं सोडून दिलं होतं. घरातली रोजची वस्तू घ्यायची, तिला भडक रंग द्यायचा आणि ताणलेल्या रेशमी जाळीतून शाई दाबून तिचे एकासारखे एक छाप काढायचे. सर म्हणाले, "अशी चित्रं एका शेठच्या भिंतीसाठी नसतात, लोकांसाठी असतात. सुट्टीत घरी जा. घरातली एक वस्तू छापा. आणि लोकांत वाटा!"

मी सरांचा आज्ञाधारक विद्यार्थी. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मी कुणाचं तरी ऐकल्यामुळेच आली आहेत.

घरी पोचलो तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते. स्वयंपाकघरात शिंक्याला मायचं खापर टांगलेलं होतं. आमच्याकडे पुरणाची पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर अलगद पसरायचा, तो मांडा. मायचे मांडे पंचक्रोशीत प्रसिद्ध. मांडा डोळ्यांसमोर धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यावा, इतका पातळ! आणि तिचं ते खापर ब्राह्मणपुरीचं, तिच्या माहेरचं. तिच्या आईने लग्नात दिलेलं. बावीस वर्षं तूप पिऊन ते असं तुळतुळीत झालं होतं की माय त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

मी त्याला हात लावला.

पालथं गोल, काळंभोर, घुमटासारखं. मला वाटलं, अमेरिकेला दाखवावं असं काही आपल्याकडे असेल तर ते हेच! आता रेशमी जाळी हवी. शहाद्याच्या बाजारात जाळी म्हणून मिळत होती ती उंदरांची. मग मला आबांचा फेटा आठवला. मलमलीचा, पांढराशुभ्र, सोसायटीच्या सभेला आणि लग्नालाच बाहेर निघणारा. त्याच्या मधला फक्त एक तुकडा मी कापला आणि दोन्ही टोकं वर दिसतील अशी घडी घालून फेटा पेटीत परत ठेवला. (गुन्हेगार नेहमी म्हणतो की फक्त एकच तुकडा कापला.) मोडक्या खिडकीच्या चौकटीवर मलमल ताणली, खापराचा आकार सोडून बाकी जागेवर सरस फासला, फळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकून शाई ओढायचं अवजार केलं. शाई म्हणून बैलगाडीच्या चाकांना देतात तो लाल तेलरंग. कागद लग्नसराईत छापखान्यात उरलेला, पिवळा. दुसरा नव्हताच दुकानात. आणि लाल रंगात खापर कसं दिसेल याचा अंदाज यावा म्हणून मी आधी त्या खापरालाच दोन हात लाल रंग दिला आणि ते गोठ्यात कडब्यामागे वाळत ठेवलं.

पिवळ्या कागदावर लाल खापर. असे चाळीस कागद मी दोन दिवस माळ्यावर छापले. मायने खालून विचारलं, "काय करी ऱ्हायना रे वर?"

"अभ्यास," मी म्हणालो.

"करू दे," आबा म्हणाले. "तितलाच वखत शांत ऱ्हास."

शनिवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मी गल्लीतल्या घराघरांत चित्र वाटायला निघालो. पहिलं घर गेंदामायचं. गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, तिच्यापासून सुरुवात करायची अशी रीतच होती.

"कोन रे? रघू का? ये भाऊ, बठ."

"बसत नाही गेंदामाय, अजून बरीच घरं करायची आहेत." मी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. मुंबईला राहून मी आता पुस्तकी बोलायला लागलो होतो. "उद्या रविवारी सकाळी आमच्याकडे यायचं. सगळ्यांनी यायचं. कोणी मागे राहायचं नाही."

गेंदामायने कागद बघितला. बघितला म्हणजे काय, तिचे डोळेच भरून आले! तिने तो कपाळाला लावला आणि देवघरात नेऊन ठेवला.

"नातरे बी आनू ना?"

"आणा की! मुलांसाठी तर खासच आहे."

"तुन्हा मायना हातले तोड नही, भाऊ."

माझ्या कलेच्या मुळाशी मायचा हात आहे हे हिला बघताक्षणी कसं कळलं, म्हणून मी थक्क झालो. पुढे घरोघरी तोच अनुभव. 'हे काय आहे' असं एकाही माणसाने विचारलं नाही! मुंबईत माझ्या चित्रांपुढे उभं राहून लोक हमखास तेवढंच विचारत. इथे कागद हातात पडायचा अवकाश, लोकांचे चेहरे खुलत. शेजारचे हिरामण आप्पा तर पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! आबाना नाव काढं तू. किती वाजता येवो?"

"नऊ वाजता प्रदर्शन मांडतो."

"मांड, मांड. आम्ही येतस."

गावाला कला समजत नाही म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात चांगलंच सुनावलं. घरी फक्त एवढंच सांगितलं की उद्या चार माणसं माझी चित्रं बघायला येतील. आबा म्हणाले, "चार? नवल शे."

आता मुंबईची हवा लागून मी जे साफ विसरलो होतो ते सांगतो. आमच्या गावात जेवणाचं आमंत्रण दोन तऱ्हेचं असे. एक घरटी एका माणसाला. दुसरं चूलबंद आवतन. म्हणजे घरातली चूल त्या दिवशी पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यजमानाकडे जेवायचं. ते द्यायला घरचा थोरला मुलगा अंघोळ करून सकाळी दारोदार जातो, बसत नाही, आणि म्हणतो, 'सगळ्यांनी यायचं, कोणी मागे राहायचं नाही.' सोबत हळदीकुंकू. आणि मी काय नेलं होतं? हळदीसारखा पिवळा कागद, त्यावर कुंकवाच्या रंगाचं खापर! काय जेवायला आहे तेसुद्धा चित्रात दिलेलं! माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात इतकं स्वच्छ समजणारं चित्र मी काढलं नव्हतं आणि पुढेही काढलं नाही.

रविवारी सकाळी आबा ओट्यावर दात घासत उभे होते. गल्लीकडे बघत म्हणाले, "रघू, आज कोनाच घरमाईन धूर का बरं नही निंघी ऱ्हायना?"

मी ओट्याच्या भिंतीला चित्रं चिकटवत होतो. म्हणालो, "उन्हाळा आहे."

तेवढ्यात हिरामण आप्पा आले. अंगात धुतलेला सदरा, मागे बायको, दोन मुलगे, सुना, पाच नातवंडं. आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या. गावजेवणाला पाणी प्यायचा तांब्या ज्याचा त्याने न्यायचा, हीपण आमच्याकडची रीत. मला वाटलं, शेतातून आले असतील. त्यांच्यामागून गेंदामाय आली, तांब्या घेऊन. मग वरची आळी. तांबे! तांबे! नुसते तांबे!

"काय आबा," हिरामण आप्पा बाजेवर बसत म्हणाले, "आंडोरनं, रघूनं, लगीन जमाडं आनि आम्हले पत्ता बी नही? कोठली शे पोर?"

आबांच्या तोंडातला दातवणाचा फेस तसाच राहिला. ते एकदा आप्पांकडे, एकदा तांब्यांकडे, एकदा चाळीसांपैकी उरलेल्या, भिंतीवरच्या तीन खापरांकडे बघत राहिले. आणि माझ्याआधी त्यांना सगळं कळलं. आबा चित्रं शिकले नव्हते, पण चित्र वाचणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

"रघू," ते अगदी हळू म्हणाले, "हाई काय करी ठेवं रे तू?"

मला वाटलं, सरळ खरं सांगून टाकावं. मी घसा खाकरून ओट्यावर उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. "मंडळी, ही एक नवी कला आहे. यात रोजच्या वापरातली साधी वस्तू..."

"यामा मांडा कोठे शे?" हिरामण आप्पांनी चित्राकडे बोट केलं.

"यात मांडा नाही, आप्पा. फक्त खापर आहे. आपण त्याच्याकडे नव्या नजरेने बघायचं."

"मी पन्नास वरीस दखी ऱ्हायनू खापर. बिगर मांडानं खापर दखीसन काय करू, भाऊ? चाटू?"

सगळा ओटा हसला. मीही हसलो, कारण काय करावं ते सुचत नव्हतं. गेंदामायचा धाकटा नातू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आजी, भूक लागनी." झालं! त्या एका वाक्याने माझी नवी कला तिथल्या तिथे संपली.

माय आतून दारापर्यंत आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने सगळ्यांकडे बघितलं. दीडशेच्या घरात माणूस, त्यांच्या चुली थंड. कारण तिच्या मुलाने तिच्या घरचं आवतन दिलं होतं. माय गरीब स्वभावाची होती, पण तिच्या दारातून माणूस उपाशी परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. ते आज झालं असतं तर तिने मला माफ केलं असतं, स्वतःला केलं नसतं.

"बठा बठा," ती म्हणाली. "जरा वखत लागी. रघू लहान शे, येळ सांगाना चुकना." आणि आत वळता वळता मला, "मन्हं खापर उतराव शिंकावरथून."

शिंकं रिकामं होतं. आखाजी झाल्यावर त्याच्याकडे कुणी मान वर करून बघितलंच नव्हतं.

"खापर कोठे शे?"

मी गोठ्यात गेलो. कडब्यामागून ते काढलं. लालभडक, मारुतीच्या देवळातून उचलून आणल्यासारखं. मायच्या पुढे ठेवलं. मायने तोंडाला पदर लावला. पाच बाया मागे उभ्या होत्या, त्यांच्यातली एकही बोलली नाही. आमच्या गावात पाच बाया एका जागी गप्प उभ्या राहिल्याचं ते एकच उदाहरण.

इकडे आबा पाहुण्यांसमोर यजमान म्हणून फेटा बांधायला आतल्या खोलीत गेले होते. तिथून 'अरे!' असा आवाज आला. मी गेलोच नाही. थोड्या वेळाने आबा बाहेर आले ते अर्धाच फेटा बांधून. एवढ्या धिप्पाड माणसाच्या डोक्यावर ती लहानशी गुंडाळी बघून हिरामण आप्पांनी विचारलं, "डोकं दुखस का आबा?"

"आते दुखाले लागनं," आबा माझ्याकडे बघत म्हणाले.

तोवर कणगीतला गहू निघाला होता. घरात दळलेलं होतं ते आणि शेजारणींनी आपापल्या घरून आणलेलं, अशी कणीक भिजली. डाळ शिजली. रसाचे आंबे पाटीने आले. बायांनी पुरण वाटायला घेतलं. हे सगळं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी त्यावेळी एका कोपऱ्यात बसून काथ्याने खापर घासत होतो. तेलरंग कसला निघतो! शेवटी मीच म्हणालो, "माय, जाळावर धर. रंग जळून जाईल."

(मघाशी म्हणालो ना, माझी बहुतेक संकटं कुणाचं तरी ऐकल्यामुळे आली? हे माझं मलाच ऐकल्यामुळे आलं.)

खापर चुलीवर चढलं. आधी धूर, मग वास, मग बुडबुडे. गेंदामायला खोकल्याची उबळ आली. वरचा रंग जळून गेलासा वाटल्यावर मायने देवाचं नाव घेऊन पहिला मांडा टाकला. काढला तो पांढऱ्यावर लाल! खापराचा अख्खा छाप त्याच्यावर उठलेला, रंग बोटभरही न पसरता. आर्ट स्कूलमध्ये मला इतका स्वच्छ छाप एकदाही आला नव्हता. तो मांडा गायीपुढे टाकला. गायीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. माझ्या कामावर इतकं प्रामाणिक मत आजवर कुणी दिलेलं नाही.

तेवढ्यात उरल्यासुरल्या रंगाने भस्सकन पेट घेतला. बाया ओरडल्या. मी जवळ होता तो हिरामण आप्पांचा भरलेला तांब्या उचलला आणि तापलेल्या खापरावर रिकामा केला.

तड्!

ब्राह्मणपुरीचं, आजीने दिलेलं, बावीस वर्षांचं खापर दोन तुकडे होऊन चुलीत पडलं. दोष कुणाला द्यायचा याची चर्चा आमच्या घरात नेहमी लांबते. त्या दिवशी तिची गरज पडली नाही.

माय चुलीपुढे तशीच बसून राहिली. तिने एक तुकडा चिमट्याने बाहेर ओढला, गार होऊ दिला आणि मांडीवर घेतला. मी म्हणालो, "माय, मला मार." मला रडू यायला लागलं. वीस वर्षांचा दांडगा घोडा, नाकाला लाल रंग लागलेला, आणि रडतोय!

मग तिने बाहेर नजर टाकली. तो नातू तांब्या वाजवत बसला होता. मायने तुकडा बाजूला ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "जितला घरले कागद दिना तितला घरले जा. खापर मांगी आन."

"अगं, त्यांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्याकडेच खापर मागू?"

"मंग? तूच ना खापर वाटं घरोघर? आते परत आन!"

मी बाहेर आलो आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, पुस्तकी भाषा पार विसरून, एका दमात सांगून टाकलं. "लगीन नही जमनं. मी चित्र दखाडाले बलायेल व्हतं. आवतन नव्हतं ते. आते आवतन शे. पन मायनं खापर मी फोडं. तुम्हनं द्या."

मग हिरामण आप्पा असे हसायला लागले की बाज करकरली. गेंदामाय उठली आणि म्हणाली, "इतलंच ना? मन्हं खापर ली ये रे कोनी!" चुली थंड होत्या, तेव्हा प्रत्येक घरचं खापर मोकळंच होतं. मी या दारातून त्या दारात पळत राहिलो. दोन्ही हातांत पोटाशी धरून एकेक खापर आणलं आणि एकही फोडलं नाही, हे नमूद करतो.

अंगणात विटा मांडून सात चुली पेटल्या. सात चुलींवर सात खापरं पालथी. एक जुनं, एक नवं, एकाची कड उडालेली, एकावर तुपाचा डाग. सगळी तीच, आणि तरी एकही दुसऱ्यासारखं नाही. सात बायांच्या हातांवरून मांडे झुलत होते आणि मधल्या चुलीशी माय बसली होती, गेंदामायच्या खापरावर तिचा हात नेहमीसारखाच चालत होता. मी तोंड उघडं टाकून बघत उभा राहिलो. सर मासिकात जे दाखवत होते ते मला आमच्या अंगणात कळलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "उभा काय ऱ्हायना? रस वाढ!"

पंगती दिवस कलेपर्यंत उठल्या. एकही माणूस उपाशी गेलं नाही. जाताना हिरामण आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, प्रदर्शन झकास व्हतं. दर साल करत जाय." सगळे गेल्यावर मी मायजवळ बसलो. म्हणालो, "तुला ब्राह्मणपुरीहून दुसरं खापर आणून देतो."

"आनजो," ती म्हणाली. "पन बिगर रंगनं."

आणि मग ती जी हसायला लागली ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. भिंतीवरचं एक चित्र काढून तिने रिकाम्या शिंक्यात ठेवलं. नवं खापर येईपर्यंत ते तिथेच होतं.

सुट्टी संपल्यावर उरलेल्या दोनांतलं एक चित्र मी सरांना दाखवलं. त्यांनी ते आडवं धरून बघितलं, उभं धरून बघितलं आणि विचारलं, "काय आहे हे? टोपी?" मला काठावरचे गुण मिळाले.

गावात मात्र माझा दबदबा कायम आहे. आता केस पिकले. तरी सुट्टीला गेलो आणि हातात नुसता वर्तमानपत्राचा कागद घेऊन गल्लीतून निघालो, की दारादारांतून बाया डोकावतात आणि अगदी गंभीरपणे विचारतात, "भाऊ, आज चुल्हा पेटाडू, का ऱ्हाऊ देऊ?"